आयर्विनला किती? सांगलीत नव्यानं राहायला आलेल्यांसाठी पुराची तयारी

नोकरीनिमित्त सांगलीत आलात, गावभागात किंवा नदीच्या अंगाला बरं घर मिळालं, भाडंही परवडतंय. मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यात शेजारच्या काकू गॅलरीतून विचारतात, "आयर्विनला किती?" आणि तुम्हाला प्रश्नच कळत नाही. हा लेख तुमच्यासाठी.

आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा 1929 सालचा जुना पूल. त्याच्यापाशी नदीची पातळी फुटांत मोजतात. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात इथला माणूस तापमान विचारत नाही, हा आकडा विचारतो. कोल्हापूरला असाल तर तुमचा आकडा राजाराम बंधाऱ्यावरचा: 39 ला इशारा, 43 ला धोका. दोन्हींची गल्लत करू नका. दरवर्षी कुणीतरी राजारामचा आकडा आयर्विनचा म्हणून पुढे ढकलतो आणि गल्लीत धावपळ उडते.

आपल्याकडचा पूर कोकणातल्यासारखा नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये एका रात्रीत पाणी वर आलं, लोकांना चप्पल घालायला वेळ मिळाला नाही. कृष्णेचं पाणी इंचाइंचानं चढतं. साताऱ्याकडचा पाऊस, कोयनेचा विसर्ग, खाली हरिपूरला येऊन मिळणारी वारणा, ती फुगली की कृष्णेला बसणारा फुगवटा, हे सगळं जमून यायला वेळ लागतो, आणि तो वेळ आपल्याला मिळतो. तरीही 2019 च्या ऑगस्टमध्ये हजारो माणसं अडकली. अडकलेल्यांत मीही होतो, म्हणून हे लिहायचा हक्क आहे असं समजतो.

माझी चूक साधी होती. आमच्या घराच्या भिंतीवर 2005 च्या पुराची रेघ होती. तेव्हा आयर्विनला 53 फुटांच्या वर पाणी गेलं होतं. आम्ही सामान त्या रेघेच्या दीड हात वर चढवलं आणि निवांत चहा पीत बसलो. 2019 ला पाणी 57 च्या वर गेलं. जवळजवळ चार फूट जादा! माळ्यावर ठेवलेली गव्हाची पोती, मुलीची पुस्तकं, आईचा लग्नातला शालू ठेवलेली ट्रंक, सगळं गेलं. जुनी रेघ पाणी कुठवर आलं होतं एवढंच सांगते. ते कुठं थांबणार, हे तिला विचारू नका.

पहिलं काम: आपल्या घराचा फूट शोधा

हे पावसाळ्याआधी, मे महिन्यातच करायचं. गल्लीतल्या जुन्या माणसाला, किराणा दुकानदाराला किंवा शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला विचारा: आयर्विनला किती झालं की आपल्या दारात पाणी येतं? तो डोळे मिटून सांगेल. गिरणीवाल्याचं उत्तर सगळ्यात पक्कं असतं, कारण त्याला मोटर सोडवून वर न्यावी लागते. घरमालकाला विचारून उपयोग नाही, तो भाडेकरूला "इथं कधी पाणी येत नाही हो" असंच सांगणार. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांत इतरांच्या कितीतरी आधी पाणी शिरतं. विश्रामबाग आणि मिरजेकडचा भाग उंचावर आहे.

दारात येण्याचा हा आकडा झाला घराचा फूट. त्याच्यापेक्षा महत्त्वाचा आकडा दुसराच आहे, तो म्हणजे रस्त्याचा फूट: कोणत्या आकड्याला तुमच्या गल्लीचं तोंड बंद होतं. घर जोत्यावर असतं, रस्ता खाली असतो. घर कोरडं, पण चारी बाजूंनी पाणी, ही अवस्था सगळ्यात वाईट. बाहेर पडायचं गणित नेहमी रस्त्याच्या फुटावर करा.

गणित असं. समजा रस्त्याचा फूट 45, घराचा 49. आत्ता आयर्विनला 41 आहे आणि पाणी तासाला चार इंच चढतंय. 45 पर्यंत उरले चार फूट, म्हणजे 48 इंच, म्हणजे बारा तास. आत्ता संध्याकाळचे सात वाजले असतील तर सकाळी सातला रस्ता बंद. म्हणजे आत्ताच निघायचं, कारण रात्री दोनला म्हातारी माणसं आणि लेकरं घेऊन कुणी निघत नसतं. "घरात यायला अजून आठ फूट आहेत" असं म्हणत झोपलेली माणसं मला माहीत आहेत.

दारामागे एक वही टांगा. पातळी 35 च्या पुढे गेली की दर तीन तासांनी वेळ आणि आकडा लिहा. दोन नोंदींतला फरक बघितला की पाणी चढतंय, थांबलंय की उतरतंय ते कळतं. पाणी पसरट भागात शिरलं की चढण्याचा वेग कमी होतो. त्याला पाणी थांबलं असं समजू नका.

बातम्यांत धरणाचे आकडे येतात, तेही जरा समजून घ्या. कोयना धरण 105 टीएमसीचं, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. वरून किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, पाणी सोडताहेत ते सांगतात. साधारण 11,500 क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतं. कोयनेचा विसर्ग वाढवल्याची बातमी आली की ते पाणी कऱ्हाडला कृष्णेत येऊन मग आपल्याकडे यायचं आहे, म्हणजे आकडा उद्या हलणार आहे. आणि वाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे नृसिंहवाडीच्या देवळाच्या गाभाऱ्यातून पाणी वाहू लागलं, की भाविक स्नानाला धावतात, आम्ही वही काढतो.

मे महिन्यात उरकायची कामं

कागद आधी. खरेदीखत, भाडेकरार, आधार, रेशनकार्ड, पासबुक, शाळेचे दाखले, विम्याची पॉलिसी, सातबारा. सातबारा परत काढता येतो, तीस वर्षांपूर्वीचं खरेदीखत काढायला चपला झिजतात. सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढा, डिजिलॉकरमध्ये जे मिळतं ते उतरवून ठेवा, एक संच पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाला पाठवा. मूळ कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड दुमडून चिकटपट्टी लावून, त्यावर दुसरी पिशवी. ही पिशवी तिजोरीत ठेवू नका. लोखंडी कपाटात गाळ शिरला की दार आवळून बसतं, आठवडाभर उघडत नाही. आमचं कपाट शेवटी पहारीनं उचकटलं.

गॅस सिलिंडरचं बऱ्याच जणांना माहीत नसतं: भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो. रेग्युलेटर काढून, टोपी घालून, त्याला साखळीनं किंवा जाड दोरानं खिडकीच्या गजाला बांधायची सोय आत्ताच बघून ठेवा. मोकळा सुटलेला सिलिंडर पाण्यात घरभर फिरतो आणि आपटत राहतो. फ्रिजही तरंगतो. आमचा फ्रिज पाणी उतरल्यावर ओट्यावर आडवा झोपलेला सापडला, जणू कुणी उचलून ठेवावा तसा.

विजेचं मेन स्विच कुठं आहे ते घरातल्या प्रत्येकाला, दहा वर्षांच्या पोरालाही, दाखवा. इन्व्हर्टर असेल तर तो वेगळा बंद करावा लागतो. मेन बंद केलं तरी इन्व्हर्टर त्याच्यावर जोडलेल्या प्लगांत वीज सोडत असतो, आणि पाण्यात पाय ठेवून हे कळलं तर फार उशिरा कळलं.

आणि मोरी. नवीन माणूस दाराच्या उंबऱ्याकडे बघत बसतो. पाणी दारातून नंतर येतं, आधी न्हाणीघराच्या जाळीतून आणि संडासाच्या भांड्यातून बुडबुडे काढत वर येतं. वाळूनं अर्धी भरलेली दोन-तीन पोती आणि जुन्या गोधड्या हाताशी ठेवा. भांड्यात गोधडीचा बोळा, त्यावर वाळूचं पोतं, जाळीवरही तसंच. यानं पूर थांबत नाही, पण घाण पाणी काही तास लांब राहतं आणि तेवढ्यात खालचं सामान वर जातं.

निघायची पिशवी

दप्तरासारखी पाठीवर अडकवायची घ्या, दोन्ही हात मोकळे हवेत. जूनमध्ये भरून खुंटीला अडकवा आणि ऑक्टोबरपर्यंत काढू नका.

कागदांची पिशवी त्यात. बीपी-शुगरच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या फोटोसकट. रोख पैसे, दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. वीज गेली की एटीएम गप्प, मोबाइलचे टॉवर दुसऱ्या दिवशी धापा टाकायला लागतात आणि कुणाकडेच पाचशेची मोड नसते. टॉर्च, सेल, पॉवर बँक, आणि सेलवर चालणारा लहान रेडिओ. रेडिओला हसू नका, 2019 मध्ये आमच्या जिन्यावर बारा माणसं एका रेडिओभोवती बसून आकाशवाणी सांगलीच्या बातम्या ऐकत होती. शिट्टीही ठेवा, अंधारात बोटवाल्याला हाक ऐकू जात नाही. बायकांसाठी पॅड, लेकरासाठी दुधाची पावडर, चष्म्याची जादा जोडी, घराच्या किल्ल्या.

इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर फ्रिज बंद पडल्यावर काय, हे आधी ठरवा. लहान मडक्यात ओली वाळू घालून त्यात प्लॅस्टिकच्या डबीत कुपी ठेवली की बऱ्यापैकी गार राहते. फ्रीजरमधल्या बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

खाण्याचं आपल्याकडे सोपं आहे. भडंग, फुटाणे, शेंगदाणे-गूळ, दशम्या, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी. चूल नसताना चार दिवस निघतात. मॅगीची पुडकी भरून ठेवणाऱ्यांना एवढंच विचारतो, ती शिजवणार कशावर?

पुरात सगळ्यात आधी पाणी संपतं

हे ऐकायला विचित्र वाटतं. कोल्हापुरात 2019 आणि 2021 दोन्ही वेळा नदीकाठची पाणी उपशाची केंद्रं बुडाली आणि जिथं पुराचा थेंब नव्हता तिथंही नळ कोरडे पडले. पुणे-बेंगळुरू महामार्गावर शिरोलीजवळ पाणी आल्यानं 2019 मध्ये वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली, मग पेट्रोल, दूध, भाजी सगळ्याचीच ओढ लागली. म्हणजे तुमचं घर उंचावर असलं तरी ही तयारी तुमचीही आहे.

पिण्याचं आणि स्वयंपाकाचं मिळून माणशी रोज निदान तीन लिटर धरा. चार माणसं, पाच दिवस: साठ लिटर. वीस लिटरचे तीन कॅन भरले की झालं. वापरायला गच्चीवरची टाकी काठोकाठ भरून घ्या. जमिनीवर किंवा जमिनीत प्लॅस्टिकची टाकी असेल तर तीही भरूनच ठेवा, रिकामी टाकी पुरात उचलली जाते आणि पाइप तोडून निघून जाते. जमिनीतल्या हौदात पुराचं पाणी शिरलं की ते पिण्यातून बाद समजा.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की ते नितळ दिसतं. दिसतं फक्त. जंतू तसेच असतात. नितळ झालेलं पाणी फडक्यानं गाळून खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळा. चूल नसेल तर आरोग्य केंद्रातून मिळणारं क्लोरीनचं औषध बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घालून अर्धा तास थांबा. जुलाब लागले तर एक लिटर शुद्ध पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजानं घालू नका, जास्त मीठ लेकराला बाधतं.

आकडा चढतोय तेव्हा

35 ला वही सुरू, गाडीत पेट्रोल, मोबाइल चार्ज, कॅन भरलेले. नातेवाइकाला फोन करून "कदाचित येऊ" म्हणून सांगून टाका. हा फोन मराठी माणसाला जड जातो. कुणाच्या दारात चार माणसं घेऊन जायचं म्हणजे कसंतरी वाटतं, म्हणून आपण शेवटपर्यंत टाळतो. मे महिन्यात जेवायला बोलवा आणि तेव्हाच विषय काढा, मग जुलैमध्ये संकोच राहत नाही. नातेवाईक नसतील तर महापालिकेचं निवारा केंद्र कोणत्या शाळेत असतं ते नगरसेवकाला किंवा वॉर्ड ऑफिसात विचारून ठेवा.

38-40 ला सामान वर. क्रम लक्षात ठेवा: आधी धान्य, मग अंथरूण-पांघरूण, मग मोटर, मिक्सर, टीव्ही, मग बाकीचं. लोक उलट करतात, टीव्ही आधी उचलतात. टीव्हीविना महिना जातो, कोरड्या गोधडीविना एक रात्र जात नाही. आतल्या खोल्यांची दारं उघडी ठेवून दोरीनं बांधा, लाकडी दार फुगलं की चौकटीत घट्ट बसतं. दुचाकी-चारचाकी उंच भागात नेऊन लावा. सगळ्यांनाच हे सुचतं, म्हणून लवकर जा.

जनावरं असतील तर ती माणसांच्या आधी निघाली पाहिजेत, कारण बोटीत म्हैस चढत नाही. दोन दिवसांची वैरण सोबत घ्या, कानातला बिल्ला आहे ना ते बघा आणि फोटो काढून ठेवा. निघणं अगदीच जमलं नाही तर दावी सोडा. गोठ्यात बांधून ठेवलेलं जनावर उभ्या जागी बुडतं.

रस्त्याच्या फुटाला चार फूट उरले की निघा. मेन बंद, इन्व्हर्टर बंद, सिलिंडर बांधलेला, बोळे बसवलेले, कुलूप. शेजारच्या एकट्या आजींचं दार वाजवा, त्या "मी नाही येत" म्हणणार, पुन्हा वाजवा.

थांबलात तर बोटीची वाट बघावी लागते, आणि बोटीची वाट बघणं म्हणजे काय ते पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळनं 8 ऑगस्ट 2019 ला पाहिलं. पुरातून सुटायला निघालेली माणसं भरलेल्या बोटीसकट उलटली. बोटीत बसायची वेळ आलीच तर जाकीट मिळेपर्यंत पाय ठेवू नका आणि गच्च भरलेली बोट जाऊ द्या. वाहत्या पाण्यातून चालत किंवा गाडी घालून पलीकडे जायचं धाडस तर नकोच. गुडघाभर पाण्याची ओढ उभ्या माणसाला पाडते, आणि खाली गटाराचं झाकण आहे की नाही ते दिसत नसतं.

जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077, सगळ्या मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेला 108. फोन लागत नसेल तर साधा एसएमएस करून बघा, तो बऱ्याचदा निघतो. गावाबाहेरच्या एकाच माणसाला घरच्या सगळ्यांनी खुशाली कळवायची, म्हणजे दहा जणांना दहा फोन करून बॅटरी संपत नाही. "धरण फुटलं" असा निरोप व्हॉट्सॲपवर हमखास येतो. पुढे पाठवण्याआधी वहीतला आकडा बघा.

परतल्यावर

पाणी उतरायला लागलं की घर बघायची घाई होते. अंधारात जाऊ नका. दारात उभं राहून आधी वास घ्या, गॅसचा वास आला तर काडी, लायटर, स्विच काहीही नको, खिडक्या उघडून बाहेर थांबा. मेन स्विच वायरमननं तपासल्याशिवाय लावायचं नाही. पाण्यात बुडालेली गाडी चालू होते का म्हणून किल्ली फिरवू नका, इंजिनात पाणी असेल तर तेवढ्यानंच ते कायमचं बसतं. गाडी ओढून गॅरेजला न्या.

हातात काठी, पायात गमबूट. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, सगळ्यांनाच कोरडी जागा हवी असते आणि ती तुमच्या कपाटामागे, गोधडीच्या घडीत असते. चावलाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिक नाही. हातपाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना, तिथं प्रतिविष मिळतं.

गाळ कसा काढायचा हे नदीकाठच्या जुन्या माणसांकडून शिकलो. पाणी पूर्ण जायची वाट बघायची नाही. ते घोट्याइतकं उरलं की खराट्यानं गाळ ढवळून त्या पाण्याबरोबरच दाराबाहेर लोटायचा. एकदा वाळला की तो सिमेंटसारखा बसतो, मग खोरं आणि टिकाव. भिंतींना ब्लीचिंग पावडरचं पाणी, आणि ते करताना नाकाला फडकं. पायाला जखम असेल तर या चिखलात उतरू नका. उंदराच्या, जनावरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार होतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर "पुराच्या पाण्यात होतो" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. प्रतिबंधक गोळी घ्यायची का तेही आरोग्य केंद्रातच विचारा.

पण खराटा हातात घेण्याआधी फोटो. प्रत्येक खोलीचा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा, फुगलेल्या पोत्यांचा, दारातून आत बघत एक सलग व्हिडिओ. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत घर घाणीत ठेवणं शक्य नसतं, आणि साफ केलेल्या घराकडे बघून "तुमचं फार काही गेलेलं दिसत नाही" असं ऐकावं लागतं. मला ऐकावं लागलं. आधार, रेशनकार्ड, पासबुक यांच्या झेरॉक्स तयार ठेवा. भाडेकरू असाल तर भाडेकरार आणि त्या पत्त्याचं काहीतरी, लाइटबिल किंवा गॅसबुक. कोरं पान भरून सही करून देऊ नका, काय लिहिलंय ते वाचा आणि त्याचा फोटो घ्या. वाहनाचा, दुकानाचा विमा असेल तर कंपनीला पहिल्याच दिवशी कळवा.

रंग द्यायला महिना-दोन महिने थांबा, भिंत आतून वाळायला वेळ घेते. आणि रंगारी आला की त्याला दाराच्या मागचा वीतभर भाग सोडायला सांगा. तिथं पाण्याची रेघ, तारीख आणि त्या दिवशीचा आयर्विनचा आकडा तेलरंगात लिहून ठेवा. घर सोडून गेलात तर पुढच्या भाडेकरूला तो दाखवूनच किल्ली द्या.